किराया थकलाय, बोलणंही थांबलंय

लातूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय अठ्ठावन्न, पती चार वर्षांपूर्वी वारले. खाली स्वतःचं घर, वर पाच खोल्या. त्यातल्या तीन खोल्यांत वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुलं राहतात. उरलेल्या दोन खोल्या सलग आहेत, तिथं पाच वर्षांपासून एक कुटुंब राहतं. घरातला माणूस मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. जानेवारीत पोतं उचलताना कंबर धरली आणि काम सुटलं. बायको एका मेसमध्ये पोळ्या लाटते. लेकरं चौथीत आणि सातवीत. किराया महिना ४,००० रुपये, अनामत ८,००० रुपये. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंतचे २४,००० थकलेत असं ताईंचं म्हणणं. मधे मधे हजार-पाचशे दिलेत, १७,००० च राहिलेत, असं त्या कुटुंबाचं म्हणणं. लिहिलेलं कुठंच नाही. पाच वर्षांपूर्वी १०० रुपयांच्या बॉण्डवर अकरा महिन्यांचा करार नोटरीकडून करून घेतला होता, नंतर तो कुणी पुन्हा केला नाही.

पुतण्या म्हणतो, पाणी तोडा, आठ दिवसांत जातील. शेजारचे म्हणतात, बारा वर्षं झाली की घर त्यांच्या नावावर होईल. पुण्याची मुलगी म्हणते, सरळ केस करा. ताई लिहितात: "त्याच दोन खोल्यांत चार पोरं ठेवली तर महिन्याला ८,८०० येतील. पण त्यांची बारकी मला आजी म्हणते. जिन्यात भेटली की मीच आता नजर चुकवते. घरच्यासारखं ठेवलं हे माझं चुकलं का? पाणी बंद केलं तर चालेल का? आणि इथून पुढं फक्त विद्यार्थीच ठेवू का?"

ताई,

तुमचे तीन प्रश्न आहेत. त्यातल्या पाण्याच्या प्रश्नाला थांबायला वेळ नाही, म्हणून आधी तेच.

पाणी बंद करू नका. पुतण्याला आजच सांगा, टाकीच्या कॉकला हात लावायचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार किराया थकला असला तरी पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई यांतलं काहीही मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. तोडलं तर किरायेदार कोर्टात जातो, कोर्ट ते पुन्हा जोडायला लावतं आणि मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे आज ज्यांचे पैसे थकलेत त्या तुम्ही, आणि उद्या आरोपी म्हणून उभ्या राहाल त्याही तुम्हीच. सामान बाहेर काढून कुलूप लावण्याचंही तसंच आहे. ज्याला कायद्याच्या वाटेनं न जाता घराबाहेर काढलं, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. तिथं किती किराया थकला होता हा मुद्दा मागे पडतो आणि तुम्ही जबरदस्तीनं काढलं का, एवढंच बघितलं जातं.

हा झाला कायदा. पण ताई, तुम्ही लातूरच्या आहात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन, तेव्हा तुम्ही याच घरात होता. रात्री दोनला टँकरच्या आवाजानं उठून घागरी लावल्या असतील. त्या गावात दुसऱ्याचा नळ बंद करणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या पत्रात हा प्रश्न अर्ध्याच ओळीत आहे. तो तुमचा नसून पुतण्याचाच असावा असं मला वाटलं.

आता "घरच्यासारखं ठेवलं हे चुकलं का" याकडे येते. पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मला कुठेही चांगुलपणा नडलेला दिसला नाही. नडलं ते न बोलणं. फेब्रुवारीत पहिला किराया आला नाही तेव्हा तुम्ही लिहिता, "बिचाऱ्याची कंबर गेलीय, कसं विचारायचं." मार्चमध्येही तेच. एप्रिलमध्ये त्यांच्या बायकोनं हजार रुपये हातावर ठेवले, तुम्ही ते पदराला बांधले आणि दोघीही काही बोलला नाहीत. जूनपर्यंत तुमच्या मनातला आकडा वेगळा झाला, त्यांच्या मनातला वेगळा. २४ आणि १७ मध्ये सात हजारांचा फरक आहे. हा फरक कुणाच्या खोटेपणातून आलाय असं मला वाटत नाही. दोन्ही घरांनी आपापल्या बाजूनं जेवढं लक्षात राहिलं तेवढं धरलं.

माझं लहानपण नांदेडला किरायाच्या घरात गेलं. वडील विनाअनुदानित शाळेत होते, पगार कधी तीन महिन्यांनी यायचा, कधी पाच. आमच्या घरमालकीण माई निरक्षर होत्या. त्यांच्याकडं लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती, स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्याला टांगलेली. दर महिन्याच्या पाच तारखेला माई ती वही घेऊन यायच्या आणि वडिलांना म्हणायच्या, "गुरुजी, लिहा." पैसे दिले असले तर वडील "मिळाले" लिहायचे, नसले तर "बाकी". खाली वडिलांची सही, शेजारी माईंचा अंगठा. शाईच्या डबीचं झाकण नीट बसायचं नाही, म्हणून वहीच्या कोपऱ्यावर कायम एक निळा डाग असायचा. एका वर्षी ओळीनं चार "बाकी" लिहिल्या होत्या, मला ते पान अजून आठवतं. त्याच चार महिन्यांत आई बाळंत झाली तेव्हा डिंकाचे लाडू माईंनी करून दिले. वहीमुळे कुणाचा जीव लागायचा राहिला नाही. उलट आई म्हणायची, माईंसमोरून जाताना मान खाली घालावी लागत नाही, किती देणं आहे ते दोघींनाही ठाऊक आहे.

तुमच्या जिन्यात आज नेमकं हेच अडलंय. ती लेक आजी म्हणते आणि तुम्ही नजर चुकवता, कारण तुमच्यामधे एक आकडा आहे आणि तो कुणी उच्चारलेला नाही.

शेजाऱ्यांच्या बारा वर्षांची भीती मनातून काढून टाका. मराठवाड्यात ही भीती मी घरोघरी ऐकते आणि तिच्यापायी लोक चांगल्या किरायेदारांनाही दर दोन वर्षांनी हलवतात. मुदत कायद्यात बारा वर्षांचा उल्लेख आहे तो मालकाचा हक्क नाकारून, स्वतःला मालक म्हणवून कब्जा करणाऱ्यासाठी. तुमचे किरायेदार तुमच्या परवानगीनं राहतात, तुम्हाला किराया देतात. बारा वर्षं राहिले, वीस वर्षं राहिले, तरी नुसत्या राहण्यानं ते मालक होत नाहीत. जुन्या माणसांच्या मनात वेगळाच काळ असतो. आपल्याकडं पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा लागू होता, तो १९९९ च्या कायद्यानं गेला आणि नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या कायद्यातल्या ऐकीव गोष्टी मात्र पारावर अजून चालू आहेत.

खरी काळजी करायची ती त्या बॉण्डची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की झालं, असं सगळेच समजतात. महाराष्ट्रात तसं नाही. त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नं किरायाचा प्रत्येक करार, मग तो भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी), लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे. मुदत अकरा महिन्यांची असली तरी सुटका नाही. नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं पुढचं: नोंदलेला करार नसेल तर किरायेदार ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. उद्या ते म्हणाले की किराया ३,००० च ठरला होता, तर ४,००० होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. कशावरून दाखवाल? म्हणून मुलीचं "सरळ केस करा" ऐकायला सोपं वाटलं तरी तुमची बाजू कागदावर आज कच्ची आहे. कोर्टाची पायरी चढायच्या आधी ती पक्की करून घ्यायला हवी. आणि ती पक्की होईल ती त्यांच्याशी बोलूनच.

बोलण्याआधी एक गोष्ट मात्र स्वतःशी खरी करून घ्या. तुम्हाला त्यांना काढायचंय ते किराया थकला म्हणून, की ८,८०० येतील म्हणून? दोन्ही कारणं असू शकतात आणि दुसरं कारण लाजेचं नाही. पतीमागं तुमचं घर याच खोल्यांवर चालतं. पण दोन्हींच्या वाटा निराळ्या आहेत. पैसे थकलेत म्हणून काढायचं असेल, तर पैसे फेडायची संधी दिल्यावर प्रश्न मिटायला हवा. खोल्या विद्यार्थ्यांना द्यायच्या असतील, तर त्यांनी उद्या सगळी बाकी आणून दिली तरी तुम्हाला त्यांचं जाणंच हवं असेल. हे दुसरं मनात असताना पहिल्याचं नाव पुढं केलं, तर तो माणूस दागिना मोडून पैसे आणेल आणि तुम्ही तरीही "रिकामं करा" म्हणाल. तसं होऊ देऊ नका. शिवाय कायद्याच्या नजरेत जास्त किराया मिळतो हे जुन्या भाडेकरूला काढायचं कारण होत नाही. दुसरं खरं असेल तर सरळ सांगा: "मला खोल्या पुढच्या जूनपासून पोरांना द्यायच्या आहेत, तोवर लेकरांचं शाळेचं वर्ष पूर्ण होईल, तुम्ही जागा बघत राहा." एवढी मुदत दिली तर बहुतेक माणसं ऐकतात.

आता बोलायचं कसं. रविवारी दुपारी बोलवा, मेसला त्या दिवशी संध्याकाळची सुट्टी असते तेव्हा. नवरा-बायको दोघंही हवेत, पैसे तिच्या हातून येतात. पुतण्याला बसवू नका. बसवायचंच असेल तर दोन्ही घरांना मान्य असलेलं एखादं वडीलधारं माणूस बसवा. आधी कंबरेचं विचारा, औषधपाणी काय चाललंय ते विचारा. ते मोंढ्यात माथाडी मंडळाकडं नोंदलेले हमाल होते का, हेही विचारा. नोंद असेल तर कामावर झालेल्या दुखापतीबद्दल मंडळाकडं चौकशी करायला सांगा. कित्येक हमालांना आपला हक्क ठाऊकच नसतो आणि ती रक्कम आली तर तुमचीही बाकी त्यातून निघू शकते.

मग दोनशे पानी वही उघडा आणि एकेक महिना घ्या. फेब्रुवारी: काय दिलं? मार्च: काय दिलं? तिनं फोनवरून पाठवले असतील तर तिच्या फोनमध्ये दिसेल, रोख दिले असतील तर मेसचा पगार कधी झाला त्यावरून आठवेल. जे दोघांना पटेल ते लिहा. जे पटत नाही त्यावर तासभर वाद घालू नका. दोन-तीन हजारांचा घोळ राहिला तर निम्मा निम्मा करून आकडा ठरवून टाका. समजा २०,००० वर एकमत झालं. तारीख घालून लिहा, दोघांची सही घ्या, तुमची करा, पानाचा फोटो काढून त्यांनाही पाठवा. कोर्टात सांगायला तुमच्याकडं आज एकही पक्का कागद नाही. त्या दिवशी संध्याकाळी एक असेल: मान्य केलेला महिन्याचा किराया आणि मान्य केलेली बाकी.

फेडीचं ठरवताना एक लक्षात ठेवा. चालू किराया आणि मागची बाकी यांची गाठ मारायची नाही. ऑगस्टचा किराया ऑगस्टचाच, पूर्ण ४,०००. बाकीचा हप्ता वेगळा, त्यांना जमेल एवढा, भले महिन्याला हजारच. लहान मालक इथंच चुकतात, जे आलं ते जुन्या खात्यात टाकतात आणि नवीन बाकी वाढतच जाते. आपल्याकडं पैसा सगळ्या महिन्यांत सारखा येत नाही. सोयाबीन मोंढ्यात आलं की दसरा-दिवाळीला हातात पैसा खेळतो, मे महिन्यात मेसही ओस पडते. म्हणून दिवाळीत मोठा हप्ता आणि उन्हाळ्यात सवलत असं बांधलं तर ते निभावतं. अनामतीचे ८,००० यात वळते करू नका, ते जाताना लागतील.

आणखी एक. तुम्हाला कुणीतरी सुचवेल, किंवा तीच बाई बिचारी म्हणेल, की पैसे नाहीत तर तुमच्या घरची धुणीभांडी करून फेडते. नको, ताई. देण्यापोटी काम करून घेणं हे वेठबिगारीच्या फार जवळ जातं आणि १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केलेली आहे. तुम्हाला जिना आणि पोरांच्या खोल्या झाडायला माणूस हवंच असेल, तर बाजारात जो पगार आहे तो तिला महिन्याच्या महिन्याला हातात द्या, आणि किराया वेगळा घ्या. चार नोटा इकडून तिकडं आणि पुन्हा इकडं गेल्या तरी चालतील. तिनं नाही म्हटलं तर तेही चालायला हवं.

हे करूनही त्यांनी दोन महिने काहीच दिलं नाही, किंवा बसायलाच आले नाहीत, तर मात्र कायद्याची वाट धरा आणि मनाला लावून घेऊ नका. थकलेल्या किरायासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यापासून नव्वद दिवस गेल्याशिवाय थकबाकीच्या कारणावर ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्यांनी सगळी बाकी वर्षाला १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली तर ते राहू शकतात. कायद्यानंही आधी फेडायची संधीच दिलेली आहे. तुमचा मुदत संपलेला बॉण्ड लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्जाची निराळी वाट असू शकते. कुठली वाट धरायची ते कागद बघूनच ठरेल. त्यासाठी वकिलाच्या फीची काळजी करू नका. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो. अर्ज करा म्हणजे झालं. दावा न लावताही ते प्रकरण लोकअदालतीत ठेवू शकतात. तिथं झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचंच वजन असतं आणि तिच्यावर अपील नाही. मला विचाराल तर तुमच्या प्रकरणाला ही जागा फार बरी आहे.

राहिला प्रश्न फक्त विद्यार्थी ठेवण्याचा. हिशोब मांडून बघा. कुटुंबाचे वर्षाला ४८,०००. चार पोरांचे महिना ८,८००, पण ते बाराच्या बारा महिने नाहीत. मे मध्ये नीट झाली की खोल्या रिकाम्या होतात, जूनअखेर पुन्हा भरतात. दहा महिने धरले तर ८८,०००. त्यातून दर वर्षीचा रंग, मोडलेला नळ, जळालेला स्विच, चार पोरांच्या अंघोळीचं वाढीव पाणी आणि उन्हाळी टँकर काढा. तरी जास्तच उरतात, हे कबूल करायला हवं. लातूरचे मालक पोरं ठेवतात ते उगीच नाही. पण ते पैसे पक्के असतात हा समज तेवढा तपासा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि क्लासच्या भागातल्या खोल्या एका आठवड्यात ओस पडल्या, त्या कितीतरी महिने तशाच होत्या. ज्यांच्या सगळ्या खोल्या पोरांच्या होत्या त्यांचा किराया एकदम शून्यावर आला. तुमचं घर याच पैशावर चालतं, म्हणून दोन खोल्या बारमाही राहणाऱ्या घराला असाव्यात असं माझं मत आहे. याच कुटुंबाला असं नाही, कुठल्याही. मे महिन्यात वरचा मजला सुना असतो तेव्हा तिथं दिवा लावणारं कुणीतरी असतं, त्याचीही किंमत आहेच ना?

आणि ताई, पोरं ठेवणं हे काम निराळं आहे. अकरावी-बारावीचं पोर बहुतेकदा अठरा वर्षांचं नसतं, मग त्याच्या सहीला करारात अर्थ नाही. करार बापाशी किंवा आईशी करायचा आणि मूळ गावचा पत्ता, दोघांचे फोन लिहून घ्यायचे. अंघोळीच्या खोलीत गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी राहील अशी व्यवस्था करा. बंद खोलीत त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास येत नाही आणि माणूस शुद्धीवर राहत नाही. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवून घ्या, कारण पोरं बादलीत कॉइल टाकून पाणी तापवतात, कितीही नाही म्हणा. एखादं पोर जेवायला जाईनासं झालं, दार लावून बसू लागलं, चाचणीनंतर बोलेनासं झालं, तर काकू म्हणून दार वाजवा आणि त्याच दिवशी घरी फोन करा. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. तो जिन्यात ठळक लिहून ठेवा.

तुमच्यासारखी दोन-चार खोल्यांची मालकी असलेल्यांची पत्रं मला नांदेडहून येतात, अंबाजोगाईहून येतात, संभाजीनगरला वाळूजच्या कामगारांना खोल्या देणाऱ्यांची येतात. त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून करार नोंदवायचं जरा सविस्तर सांगते. लिव्ह अँड लायसन्सचा करार आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या नोंदवता येतो. दोन्ही बाजूंची आधार कार्डं, बोटांचे ठसे आणि दोन ओळखीचे साक्षीदार लागतात. मुद्रांक शुल्क मुदतीतला सगळा किराया आणि अनामतीवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे तुमच्या ४,००० किरायाच्या, अकरा महिन्यांच्या करारावर ते शे-दोनशेच्या घरात जातं. नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. घरी मशीन घेऊन येणारा माणूस वर आपली फी घेतो, ती आधी ठरवून घ्या. खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायची पद्धत चांगली आहे, किरायेदारालाही तो करार गॅससाठी, लेकरांच्या शाळेसाठी कामाला येतो.

करारात जे लिहितात ते बहुतेक छापीलच असतं. आपल्याकडं भांडणं ज्यावरून होतात ते मात्र त्यात नसतं, ते हातानं घालून घ्या. उन्हाळ्यात बोअर आटला आणि टँकर आणावा लागला तर खर्च कसा वाटायचा. विजेचं सबमीटर असेल तर रीडिंग कोणत्या तारखेला, दोघांसमोर, फोटो काढून घ्यायचं आणि युनिटचा दर काय. इथं एक समजून घ्या: महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं, शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत त्याहून जास्त. पाच खोल्या एका मीटरवर असल्या की सगळ्यांचं मिळून वरच्या टप्प्यात जातं आणि किरायेदाराला वाटतं मालकीण आपल्या विजेवर पैसे कमावते. दर महिन्याला बिल जिन्यात चिकटवलं की हा संशय जातो. स्वतंत्र स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्यांसाठी वेगळ्या मीटरची चौकशी केली तर सगळ्यात बरं. किराया घेतला की पावती द्यायची, ती कायद्यानंच मालकाची जबाबदारी आहे. नवीन माणूस आला की पोलिस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर किरायेदाराची माहिती भरायची. जिल्ह्यात तसा आदेश निघालेला असतो तेव्हा ते बंधनकारक असतं, नसला तरी भरावी.

तुमच्या किरायेदार कुटुंबाशी थकबाकीचं लेखी ठरलं आणि त्यांना राहू द्यायचं तुम्ही ठरवलंत, तर त्यांच्याशीही याच महिन्यात नवा करार करून नोंदवून घ्या. ठरलेल्या बाकीचा आकडा आणि हप्ते त्यातच घाला.

त्या रविवारी ती दोघं आली की मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून एवढंच म्हणा: "फेब्रुवारीपासून मी विचारलं नाही, ते माझंही चुकलं. आता आपण मिळून लिहून काढू." मग थोडा वेळ गप्प बसा. पहिला आकडा त्यांना सांगू द्या. बारकी मागं आली असेल तर तिला वर पाठवायची घाई करू नका, बसू द्या तुमच्याजवळ.

काय ठरलं ते मला कळवा. पुतण्यानं त्या जुन्या बॉण्डचा फोटो काढून पाठवला तर तो लिव्ह अँड लायसन्सचा आहे की भाडेपट्ट्याचा, तेही बघून सांगते.